वस्तु-विचार : जुन्या खेळांचें नवें यंत्र

गेल्या कांहीं महिन्यांत ह्या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. जुने व्हिडिओ गेम खेळण्याचें, हातांत मावणारें जें यंत्र हल्लीं मिळतें, तें घरांत आणावें कीं आणूं नये, असा प्रश्न कोणी वडिलांनीं विचारिला आहे, कोणी आजोबांनीं विचारिला आहे, आणि एका भगिनींनीं तर स्पष्टच लिहिलें आहे कीं, "यंत्र येणार मुलांच्या नांवानें, परंतु हवें आहे तें मुलांच्या वडिलांना." हें वाचून आम्हांस हंसूं आलें, कारण आमच्या घरींही याहून निराळें कांहीं घडलें नाहीं. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या बंधूंनीं असें एक यंत्र मागविलें. घरांत लहानमोठीं पांच मुलें, आणि यंत्र एक. तेव्हांपासूनचा अनुभव आणि ह्या वस्तूविषयीं आम्हीं जमविलेली माहिती, अशीं दोन्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभींच एक खुलासा करितों. आमच्या घरीं आलेल्या यंत्राच्या कारखान्याचें किंवा विक्रेत्याचें नांव आम्ही देणार नाहीं. एका घरांतील एका नगावरून कोणाची स्तुति वा निंदा करणें न्यायाचें नव्हे. जेथें आंकडे द्यावयाचे तेथें ते सर्वश्रुत यंत्रांचे देऊं. परीक्षेच्या कसोट्या मात्र ह्या सदराच्या नेहमींच्याच तीन आहेत : वस्तु काम कसें करते, तिला दाम किती पडतो, आणि ती घडविणारानें काय राखण्यासाठीं काय सोडून दिलें. ही तिसरी कसोटी लोक सहसा लावीत नाहींत. परंतु सर्व गुण एके ठिकाणीं असलेली वस्तु अद्याप कोणत्याही कारखान्यांतून निघालेली नाहीं; प्रत्येक वस्तूंत कांहीं गुण दुसऱ्या कांहीं गुणांचा बळी देऊनच आणिलेले असतात. कोणाचा बळी दिला हें कळलें म्हणजे ती वस्तु आपल्या घरास मानवेल कीं नाहीं, हेंही बहुधा कळतें.

ह्या जातीच्या यंत्रांचा मूळपुरुष पाहिल्यावांचून आजच्या यंत्राची पारख व्हावयाची नाहीं. जपानांतील क्योतो शहरच्या निंटेंडो कंपनीनें 21 एप्रिल 1989 रोजीं 'गेम बॉय' नांवाचें यंत्र विक्रीस काढिलें. त्याची किंमत 12,500 येन होती. त्याच्या निर्मितीचे धुरीण गुनपेई योकोई हे 1965 सालीं त्या कंपनींत यंत्रांची देखभाल करण्याच्या कामावर लागले होते. त्या काळीं कंपनीचा मुख्य धंदा खेळण्याचे पत्ते बनविण्याचा होता. योकोई यांचें एक तत्त्व पुढें प्रसिद्ध झालें. तें असें कीं, नव्यांत नवें तंत्र महाग असतें व पुरतें हातीं आलेलें नसतें, म्हणून दगा देतें. उलट, जें तंत्र जुनें होऊन सर्वांच्या हातचें झालें, तें स्वस्त आणि भरंवशाचें असतें. बुद्धि खर्चावयाची ती अशा तंत्राचा कोणी न योजिलेला उपयोग शोधण्यांत. कॅल्क्युलेटरांसाठीं बनणारे लहान पडदे स्वस्त झाले होते, तेव्हां त्याच पडद्यांवर खेळ मांडून त्यांनीं 1980 सालीं 'गेम अँड वॉच' हें खेळणें काढिलें. अंगठ्यानें चारी दिशांस दाबतां येणारें, अधिक-चिन्हाच्या आकाराचें जें बटण आज सर्वत्र दिसतें, तें त्याच मालिकेंतील 1982 च्या एका खेळण्यावर प्रथम आलें.

आतां त्यांनीं 'गेम बॉय'मध्यें काय सोडलें व काय राखलें तें पहा. पडद्यावर आडवे 160 व उभे 144 ठिपके. रंग नाहीं, करड्या-हिरव्या अशा चारच छटा. आणि पडद्यामागें दिवा नाहीं, म्हणजे उजेडांत बसूनच खेळावयाचें. त्याच वर्षीं अमेरिकेंत अटारी कंपनीचें 'लिंक्स' नांवाचें यंत्र आलें. त्यांत रंग होता, दिवाही होता. परंतु 'गेम बॉय' अमेरिकेंत सुमारें 90 डॉलरांस मिळे, तर 'लिंक्स' 180 डॉलरांस. 'लिंक्स'ला सहा पेन्सिल सेल लागत व ते चार-पांच तासांत संपत. 'गेम बॉय'ला चार सेल लागत व ते सुमारें पंधरा तास चालत. 1990 सालीं सेगा कंपनीनें रंगीत 'गेम गिअर' काढिलें. त्यालाही सहा सेल, आणि खेळ तीन ते पांच तासांचा. शोभेच्या दृष्टीनें पाहिलें तर 'गेम बॉय' ह्या तिघांत दरिद्री. परंतु तेंच पुढें घरोघर गेलें. तें व त्याचा 1998 चा रंगीत अवतार मिळून सुमारें 11 कोटी 87 लाख नग विकले गेले. 'गेम गिअर' एक कोटीच्या थोडें पुढें थांबलें, व 'लिंक्स' त्याच्याही पुष्कळ मागें राहिलें. आगगाडीच्या प्रवासांत अर्ध्या वाटेवर बंद पडणाऱ्या रंगीत यंत्रापेक्षां मुक्कामापर्यंत चालणारें बिनरंगी यंत्र मुलांनीं व त्यांच्या आईबापांनीं पसंत केलें. ह्याच योकोईंनीं 1995 सालीं 'व्हर्च्युअल बॉय' हें डोळ्यांस लावून खेळण्याचें लाल प्रकाशाचें यंत्र काढिलें, आणि तें साफ फसलें, हेंही येथें सांगितलें पाहिजे. तत्त्व चांगलें असलें तरी प्रत्येक वस्तु वेगळी तपासावी लागते.

आजचें यंत्र हें त्या 'गेम बॉय'चें वंशज नव्हे. तें त्याचें सोंग घेणारें आहे. चीनमधील, मुख्यतः शेन्झेन भागांतील, लहानमोठे कारखाने मोबाइल व तत्सम वस्तूंसाठीं बनणाऱ्या सामान्य चिप आणि पडदे घेऊन त्यांची जुळणी करितात. योकोईंचेंच तत्त्व, परंतु निराळ्या हातीं. उदाहरणादाखल ॲनबर्निक कंपनीचें 'आरजी 35 एक्सएक्स एच' हें 2024 च्या आरंभीं आलेलें यंत्र घेऊं. त्यांत साडेतीन इंचांचा, 640 बाय 480 ठिपक्यांचा पडदा आहे. ऑलविनर कंपनीची एच 700 ही चार गाभ्यांची चिप आहे. एक गिगाबाइट स्मृति आहे. 3300 मिलिअँपिअर-तासांची चार्ज होणारी बॅटरी आहे. आणि मेमरी कार्डासाठीं दोन खांचा आहेत. जुनी कॅसेट घालावयास मात्र कोठेंच जागा नाहीं. जुन्या यंत्राच्या अंतर्भागाची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्रॅम, ज्याला इम्युलेटर म्हणतात, तो ह्या चिपेवर चालतो, आणि कॅसेटमधील मजकूर फाइल होऊन कार्डावर बसलेला असतो. खेळाला आपण मूळ यंत्रांतच आहों असा भास होतो.

अशी नक्कल करण्यास मूळ यंत्राहून कितीतरी अधिक बळ लागतें, कारण नकलाकाराला दुसऱ्याचें प्रत्येक पाऊल प्रथम समजून घेऊन मग टाकावें लागतें. 'गेम बॉय'ची चिप सेकंदाला सुमारें 42 लाख ठोके देत असे व तिची कामाची स्मृति 8 किलोबाइट होती. एच 700 चा प्रत्येक गाभा सेकंदाला सुमारें 150 कोटी ठोके देतो, म्हणजे साडेतीनशे पटींहून अधिक. स्मृति तर सव्वा लाख पटींहून अधिक. पडद्यावरील चित्र सेकंदांतून सुमारें साठ वेळां बदलतें. म्हणजे प्रत्येक चित्रासाठीं चिपेला सेकंदाच्या साठाव्या भागापलीकडे उसंत नाहीं. तेवढ्यांत तें न झालें तर चित्र अडखळतें व आवाज फाटतो. 'गेम बॉय', 2001 चें 'गेम बॉय ॲडव्हान्स', दूरदर्शन संचास जोडण्याचीं त्या काळचीं यंत्रें, आणि सोनी कंपनीचें 1994 चें पहिलें 'प्लेस्टेशन' येथपर्यंत ह्या वर्गाचीं यंत्रें निर्वेध पोंचतात. त्यापुढचें 1996 चें 'निंटेंडो 64' किंवा 2004 चें 'पीएसपी' यांचे कांहीं खेळ चालतात, जड खेळ मात्र धापा टाकूं लागतात. विक्रेता जाहिरातींत ह्या सर्व यंत्रांचीं नांवें एकाच ओळींत छापतो. ग्राहकानें त्या ओळीचा पूर्वार्ध खरा मानावा व उत्तरार्ध नशिबावर सोडावा.

पडद्याविषयीं एक लहानसा हिशेब मुलांकडून पाटीवर करून घेण्याजोगा आहे. 'गेम बॉय'चें चित्र 160 बाय 144. तें तिप्पट केलें तर 480 बाय 432 होतें. तें 640 बाय 480 च्या पडद्यावर बसतें, दोन्ही बाजूंस काळी पट्टी राहते, परंतु प्रत्येक ठिपका सारख्या आकाराचा व रेखीव दिसतो. 'गेम बॉय ॲडव्हान्स'चें चित्र 240 बाय 160. तें दुप्पट केलें तर 480 बाय 320, म्हणजे पडद्याचा बराच भाग फुकट. तिप्पट केलें तर 720 बाय 480, म्हणजे पडद्याबाहेर! पडदा आडवा भरून काढावयाचा तर दोन पूर्णांक दोन-तृतीयांश पट करावी लागते; आणि ठिपक्याचे दोन-तृतीयांश तुकडे होत नसल्यामुळें कांहीं ठिपके जाड, कांहीं बारीक, अथवा सर्वच थोडे पुसट दिसतात. म्हणून त्याच कंपनीनें मागाहून 'आरजी 34 एक्सएक्स' हें बरोबर 720 बाय 480 ठिपक्यांचें यंत्र काढिलें. त्यावर हा एक प्रकार आरशासारखा स्वच्छ दिसतो. परंतु दूरदर्शन संचासाठीं केलेले अधिक चौकोनी खेळ त्याच्या रुंद पडद्यावर आंखूड होतात. एकाच पडद्यावर सर्वांचें समाधान होत नाहीं. ज्यास कोणते खेळ प्रिय त्यानें त्या आकाराचा पडदा पहावा. केवळ इंच मोजून उपयोग नाहीं.

ज्यांना तडजोड नको, त्यांच्यासाठीं अमेरिकेंतील ॲनालॉग कंपनीचें 'पॉकेट' हें 2021 च्या अखेरीस आलेलें यंत्र आहे. त्याचा पडदा 1600 बाय 1440, म्हणजे 'गेम बॉय'च्या बरोबर दहापट. त्यांत नकलेचा प्रोग्रॅम नाहीं. ज्या चिपेची अंतर्गत जोडणी पाहिजे तशी बदलतां येते अशी चिप घेऊन जुन्या यंत्राचें मंडलच तींत पुन्हा उभें केलेलें आहे. आणि मूळ कॅसेट त्यांत जशीच्या तशी बसते. परंतु त्याची किंमत प्रथम विक्रीच्या काळींच 200 ते 220 डॉलर होती, आणि कॅसेटी निराळ्या मिळवाव्या लागतात. वर वर्णिलेलें चिनी यंत्र बाजारांत आलें तेव्हां 60 ते 70 डॉलरांच्या दरम्यान मिळे, म्हणजे त्या वेळच्या दरानें पांच-सहा हजार रुपये. त्यावर आपल्याकडे टपालहशील व आयात-कर चढतो, तो आधीं विचारून घ्यावा. तिप्पट दाम देऊन मिळणारा तो जास्तीचा नेटकेपणा पारखी डोळ्यास दिसेल. आमच्या घरच्या पांच मुलांपैकीं एकासही दिसला नसता असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें.

मग ह्या स्वस्ताईंत काय गमावलें? यंत्र हातांत घेतांच तें कळतें. बटणें बरीं असतात, परंतु एका नगाचीं घट्ट तर दुसऱ्याचीं सैल असा अनुभव लोक सांगतात. उभ्या आकाराचें यंत्र खिशांत सहज जातें, पण मोठ्या माणसाच्या हातांत तासाभरानें मनगट अवघडतें; आडव्या आकाराचें हातांत चांगलें बसतें, पण खिशाला जड. मिटतां येणारें घ्यावें तर पडदा ओरखड्यांपासून वांचतो, पण बिजागरी ही आणखी एक झिजणारी वस्तु होते. बॅटरी चार्ज होणारी असल्यामुळें सेलांचा खर्च नाहीं, आणि कारखानदार आठ तासांचा दावा करितात. परंतु कांहीं वर्षांनीं तिची शक्ति ओसरणारच, आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानांत पेन्सिल सेलाप्रमाणें मिळणारी नव्हे. पस्तीस वर्षांपूर्वींचा 'गेम बॉय' आजही चार सेल घालून चालूं शकतो. आजचें यंत्र पस्तीस वर्षांनीं चालेल, अशी हमी आम्ही तरी देणार नाहीं.

येथपर्यंत वस्तूची गोष्ट झाली; आतां घरची. यंत्र आलें त्या संध्याकाळीं बंधु स्वतःच तें घेऊन माडीवर बसले. त्यांच्या लहानपणीं, म्हणजे सन 1990 नंतरच्या दशकांत, आपल्याकडे घरोघर ठोकळे रचण्याचें 'ब्रिक गेम' येऊन गेलें, तें वाचकांस स्मरत असेल. त्याच्या अंगावर '9999 इन 1' असें छापलेलें असे, आणि खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघत. मुलांनीं तें नवें यंत्र हातीं आल्यावर पहिल्या दिवशीं जें केलें तें आम्हांस अधिक उद्बोधक वाटलें. आमची नऊ वर्षांची पुतणी दहा मिनिटें खेळून म्हणाली, "काका, ह्यांत जाहिरात केव्हां येते?" येत नाहीं, असें सांगितलें तेव्हां तिला खरें वाटेना. ज्या मुलांना खेळ म्हणजे मोबाइलवरचा खेळ एवढेंच ठाऊक, त्यांना खेळ मधेंच थांबून कांहीं विकूं पाहतो हा सृष्टीचा नियमच वाटतो. जुने खेळ एकदांच विकले जात. त्यामुळें खेळणाऱ्यास शक्य तितका वेळ धरून ठेवण्यांत त्यांच्या कर्त्याचा पुढें कांहीं लाभ नसे. त्यांना आरंभ आहे, शेवट आहे, आणि हरल्यावर पैसे मागण्याची रीत नाहीं. ह्या यंत्राच्या बाजूनें आम्हांस सांपडलेला सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. आणि तो चिपेंत नाहीं, पडद्यांतही नाहीं.

दुसरा लाभ गृहिणींस विशेष पटेल. इम्युलेटरामध्यें चालू खेळ कोणत्याही क्षणीं जसाच्या तसा गोठवून ठेवतां येतो व पुढें तेथूनच चालूं करितां येतो. "पानें वाढलीं आहेत" अशी हांक आल्यावर "एवढी लेव्हल संपूं दे" ही सबब आतां उरत नाहीं. परंतु ह्या सोयीलाही दुसरी बाजू आहे, ती आमच्या ध्यानांत दोन आठवड्यांनीं आली. मुलें प्रत्येक उडीच्या आधीं खेळ गोठवीत, उडी चुकली कीं मागें जात, आणि अशा रीतीनें एकदांही न हरतां शेवटास पोंचत. हार पुसून टाकण्याची सोय मिळाली कीं जिंकण्यांतही राम राहत नाहीं. शेवटीं वहिनींनीं नियम घातला : खेळ गोठवावयाचा तो जेवणासाठीं, अभ्यासासाठीं व झोपेसाठीं; हरण्याच्या भीतीनें नव्हे. ह्या नियमानंतर रडारड वाढली, आणि खेळांतली गोडीही वाढली.

तिसऱ्या आठवड्यांत मात्र विघ्न आलें. यंत्राबरोबर विक्रेत्यानें जें बिननांवाचें मेमरी कार्ड दिलें होतें, तें एका सकाळीं वाचलें जाईना. त्यावर हजारों खेळ होते ते गेले, याचें कोणास दुःख झालें नाहीं. परंतु थोरल्या पुतण्यानें रोज अर्धा तास याप्रमाणें तीन आठवडे खेळून एका खेळांत जें राज्य मिळविलें होतें तें गेलें, आणि बारा वर्षांचा तो मुलगा न जेवतां गच्चीवर जाऊन बसला. मोठ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यानें आपल्या हातचें कांहीं काम जपून ठेवलें आणि तें क्षणांत नाहींसें झालेलें पाहिलें, त्याला ती क्षुल्लक वाटणार नाहीं. ह्यांत चूक आमचीच होती. ह्या जातीच्या यंत्रांबरोबर फुकट येणारीं कार्डें बेभरंवशाचीं असतात, हें जाणते लोक नेहमीं सांगतात. प्रसिद्ध बनावटीचें कार्ड पहिल्याच दिवशीं घेऊन मजकुराची एक प्रत घरच्या संगणकावर ठेविली असती, तर हा प्रसंग येता ना.

बंधु नवें कार्ड घेऊन आले, व कोठून तरी तेच हजारों खेळ पुन्हा उतरवून घेण्याच्या तयारीस लागले. मातोश्री जवळच वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं सहज विचारिलें, "एवढे खेळ कोणी ना कोणी केले असतील, त्यांना त्यांचे पैसे पोंचले का रे?" बंधु म्हणाले, "आई, ह्यांतले पुष्कळ खेळ आतां कोठें विकत मिळतच नाहींत." त्या म्हणाल्या, "विकत मिळत नाहींत म्हणून शेजारच्या परड्यांतलीं फुलें न विचारतां तोडावीं, असें तुला ह्या घरांत कोणी शिकविलें?" बंधु गप्प झाले. आम्हीही गप्प झालों; कारण यंत्राची परीक्षा लिहावयास निघालेल्या आम्हांस हा प्रश्न तोंवर सुचला नव्हता.

म्हणून ह्याची चौकशी केली, ती थोडक्यांत अशी. इम्युलेटर बनविणें हा अपराध नव्हे. सोनी कंपनीनें कनेक्टिक्स कंपनीवर केलेल्या फिर्यादींत अमेरिकेंतील अपील न्यायालयानें 2000 सालीं कनेक्टिक्सच्या बाजूनें निवाडा दिला. परंतु खेळ हा निराळा पदार्थ. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमास वाङ्मयीन कृतींत धरितो, आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या ह्या खेळांच्या हक्काची मुदत संपलेली नाहीं. ज्याच्याजवळ रीतसर घेतलेली प्रत आहे, त्यानें ती नष्ट होईल या भयानें राखीव प्रत काढावी, एवढी मुभा कायदा देतो. हजारों परक्या खेळांनीं भरलेलें कार्ड विकण्याची देत नाहीं. कांहीं जुने खेळ आज खरोखरच बाजारांत नाहींत, आणि कोणी जपून ठेवले नाहींत तर ते नामशेष होतील, ही बंधूंची तक्रारही खोटी नव्हे. परंतु आमच्या घरीं आलेलें कार्ड कांहीं ग्रंथसंग्रहालयानें भरलेलें नव्हतें. तें भरणाऱ्यास विक्री वाढवावयाची होती.

ह्यांतून मार्ग निघाला तो असा. 'गेम बॉय'सारख्या यंत्रांसाठीं हौशी लोक आजही नवे खेळ रचितात, व कित्येक जण ते सर्वांस मोकळे ठेवितात. मांजरामागें उंच उंच उड्या मारणाऱ्या मुलीचा 'टोबू टोबू गर्ल', नगर वसविण्याचा 'मायक्रो सिटी' (लिहितांना ह्याच्या नांवांत ग्रीक 'म्यू' अक्षर येतें), असे खेळ कर्त्यांनींच उघडपणें वांटलेले आहेत. असे आठ खेळ आम्हीं नव्या कार्डावर घातले. हजारांवरून आठांवर आलों तेव्हां मुलें कुरकुरतील असें वाटलें होतें. झालें उलट. हजार खेळ होते तेव्हां कोणताही खेळ पांच मिनिटांपलीकडे टिकत नसे. पानांत पंचवीस पक्वान्नें वाढलीं म्हणजे मनुष्य प्रत्येकाला बोट लावून उठतो, त्यांतला प्रकार. आठच राहिले तेव्हां नगराच्या खेळांत कर किती बसवावा, यावर मुलांची जेवतांना चर्चा होऊं लागली. थोरल्या पुतण्यानें नवें राज्य उभें केलें, आणि दर रविवारीं त्याची प्रत संगणकावर काढून ठेवण्याचें काम आपण होऊन आपल्याकडे घेतलें.

आतां निकाल. ज्या घरांत मुलें अद्याप मोबाइलवरील खेळांत गुंतलेलीं नाहींत, अंगणांत व वाचनांत रमतात, त्या घरानें हें यंत्र मुद्दाम आणण्याचें कारण नाहीं. कितीही सोज्ज्वळ झाला तरी तो पडदाच. ज्या घरांत मुलें आधींच मोबाइल घेऊन बसत आहेत, त्यांस हा त्याहून पुष्कळ सौम्य पर्याय आहे. मात्र तो मोबाइलच्या ऐवजीं द्यावा, मोबाइलच्या जोडीला देऊं नये. एकत्र कुटुंबांत एकच यंत्र घ्यावें व पाळी लावावी. आमच्या घरीं पाळीवरून भांडणें झालीं, पण तीं मुलांनींच मिटविलीं, आणि दुसऱ्याचा खेळ शेजारीं बसून पाहण्याची संवय लागली, हा लाभच समजावा. साठ-सत्तर डॉलरांच्या वर्गाबाहेर जाण्याची गरज नाहीं. अधिक बळाच्या चिपेसाठीं अधिक पैसे मोजणें म्हणजे नाकापेक्षां मोती जड. आकार आडवा घ्यावा, कार्ड स्वतः विकत घ्यावें, राखीव प्रत पहिल्याच दिवशीं काढावी. आणि पेटीवर खेळांची संख्या किती छापली आहे इकडे मुळींच पाहूं नये.

राहिला प्रश्न त्या पत्रलेखिका भगिनींचा. वडिलांना यंत्र हवें असेल तर त्यांना तसें म्हणूं द्यावें. मुलांच्या नांवाचा आडोसा घेण्याचें कारण नाहीं. आमचे बंधु आतां रात्रीं मुलें निजल्यावर अर्धा तास खेळतात, आणि नगराचा खेळ मातोश्री शेजारीं बसून पाहतात. परवां त्यांनीं बंधूंस विचारिलें, "तुझ्या गांवांत अजून विहीर कां नाहीं?" त्या खेळांत विहीर बांधण्याची सोय नाहीं, असें बंधूंनीं सांगितलें. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तो करणाराला कळवा, फुकट दिला म्हणून काय झालें, सूचना तर घेईल." तें पत्र थोरल्या पुतण्यानें लिहावयास घेतलें आहे.